‘दिलीये’ म्हणजे दिलीये: लोकलच्या गर्दीत अनोळखी माणसांशी वागायचं कसं

ठाणे आलं. खिडकीपासून तिसऱ्या सीटवरची बाई उठली आणि समोर उभी असलेली एक मुलगी चटकन तिथे बसली. विशी-बाविशीची, गळ्यात नवंकोरं आयडी कार्ड. लगेच चार बाजूंनी आवाज आले. “ए, ती सीट दिलीये!” “विचारायचं नाही का आधी?” “नवीन आहेस का?” मुलगी उठली, कोपऱ्यात गेली आणि रडायला लागली.

ती साताऱ्याकडची, नोकरीचा पहिला आठवडा. तिचं म्हणणं साधं होतं. एसटीत जागा रिकामी झाली की जवळ उभं असलेलं माणूस बसतं, त्यात चूक काय? चूक काहीच नाही. फक्त ते एसटीचं शास्त्र झालं. लोकलचं वेगळं आहे, ते कुठे लिहिलेलं नाही, आणि ते न पाळणाऱ्याला डबा उद्धट ठरवून मोकळा होतो. मी तिला दादरपर्यंत जमेल तेवढं समजावलं. हा लेख म्हणजे त्याच बोलण्याचा लांबवलेला भाग. मी डोंबिवलीची, सोळा वर्षं सेंट्रलच्या लेडीज डब्यातून सीएसटीला जाते-येते. जनरल डब्यातही बऱ्याचदा असते. नियम थोडेफार बदलतात, मूळ एकच.

ते मूळ आधी सांगते. लोकलमध्ये धक्का लागणं हा उद्धटपणा नाही. तुमच्या पाठीला कुणाचा डबा टोचणं, तुमच्या केसांत कुणाची बांगडी अडकणं, हाही नाही. न सांगता केलेली गोष्ट हा उद्धटपणा. “दादर, दादर” म्हणत ढकलणारी बाई कुणाला खटकत नाही. तोंडातून शब्द न काढता तेवढंच ढकलणारी खटकते. समोरच्याला अंदाज येईल एवढं आधी बोलायचं. पुढे मी सांगणार आहे ते बहुतेक सगळं यातूनच निघतं.

प्लॅटफॉर्मवर

डबा कुठे लागणार ते इंडिकेटर आणि खांबांवरच्या खुणा बघून आधीच ठरवा. गाडी आत येत असताना लेडीज डब्यापासून जनरलकडे किंवा उलट धावणारी माणसं सगळ्यांच्या पायांत येतात. गाडी बारा डब्यांची की पंधरा, हेही बघा. खुणेच्या जागा त्यानुसार बदलतात.

दाराच्या बरोबर समोर उभं राहू नका. दोन्ही बाजूंना उभं राहायचं, मधून उतरणाऱ्यांना वाट. हे सगळ्यांना माहीत असतं आणि गर्दीच्या वेळी कुणी पाळत नाही, कारण गाडी थांबते जेमतेम अर्धा मिनिट. तरी निदान पहिल्या चार-पाच जणांना उतरू द्या. ते उतरले नाहीत तर आत जागाच होत नाही, आणि तुम्हीच दारात अडकता.

दिव्यांगांच्या डब्यात ‘आज फारच गर्दी आहे’ म्हणून चढू नका. यावर मी चर्चा करत नाही.

चढताना

पाठीवरची सॅक प्लॅटफॉर्मवरच पुढे घ्या. चढल्यावर घेऊ म्हणाल तर हात वर होत नाहीत. पाठीवरची बॅग एका माणसाची जागा खाते, आणि तुम्ही वळलात की ती कुणाच्या तरी तोंडावर फिरते. तुम्हाला ते दिसत नाही म्हणून तुम्ही सॉरीही म्हणत नाही. दारात तर ती जिवावर बेतू शकते. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचे जीव गेले. समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांतल्या प्रवाशांच्या बॅगा एकमेकींना घासल्या, अशी तेव्हा बरीच चर्चा झाली. त्यानंतर महिनाभर आमच्या डब्यात सगळ्यांच्या सॅक पुढे होत्या.

लांब जायचं असेल तर दारापासून आत सरका. “आत सरका ना, आत जागा आहे” हे ओरडून सांगायची वेळ येते, कारण आतल्याला वाटतं की आत गेलो तर उतरायला मिळणार नाही. मिळतं. कसं ते पुढे सांगते. पण सीएसटीचं तिकीट काढून डोंबिवलीपासून दारात रुतून बसलेली बाई ठाण्याला, घाटकोपरला, कुर्ल्याला सगळ्यांच्या शिव्या खाते, आणि त्यांतल्या निम्म्या तिने कमावलेल्या असतात.

दारातली माणसं मुद्दाम अडवतात, हाही रोजचा प्रकार. लांबून भरून येणाऱ्या फास्ट गाडीत मधल्या स्टेशनवाल्यांनी चढू नये, असं रोज एकत्र जाणाऱ्या काही ग्रुपना वाटतं. पश्चिम रेल्वेवर विरार गाडीत बोरिवलीवाल्यांना हाच अनुभव येतो. दारातल्याला वाटतं की त्याची बाजू बरोबर आहे, ‘तुम्हाला तुमची गाडी आहे ना!’ पण कायदा त्याच्या बाजूने नाही. अनारक्षित डब्यात चढणाऱ्याला अडवणं हा १९८९च्या रेल्वे कायद्यात कलम १५५ खाली गुन्हा आहे. मूळ कायद्यात दंड दोनशे रुपयांपर्यंत. ती रक्कम वाचून दारातला घाबरणार नाही, म्हणून चढताना कलम सांगत बसू नका. “एकच आहे, एकच” म्हणत चढा. संख्या सांगितली की माणसं आश्चर्यकारकरीत्या सरकतात. का ते मला अजून कळलेलं नाही.

हाक कशी मारायची

लोकलमधली निम्मी भांडणं संबोधनावरून पेटतात, म्हणून इथे थोडं थांबते.

बाईला ‘ताई’ म्हणा. सोळा ते साठ, सगळीकडे चालतं. ‘काकू’ म्हणताना समोरची पन्नाशीची आहे आणि तिला ती वाटते, या दोन्ही गोष्टींची खात्री हवी. दुसरीची कधीच नसते. ‘मावशी’ आणखी अवघड. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, घरकामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो, त्यामुळे ऑफिसला निघालेल्या बाईला त्या शब्दात माया ऐकू येत नाही, पायरी ऐकू येते. पुरुषांत ‘दादा’ आणि ‘भाऊ’ चालतात. ‘काका’ची गत काकूसारखीच. ‘मॅडम’, ‘सर’ कोरडे असले तरी बिनधोक. ‘शुक शुक’, चुटकी, खांद्यावर बोटाने टकटक, हे कुणालाच नको. ‘अहो, जरा’ एवढंही पुरतं. आपल्या भाषेत ‘अहो’ ही केवढी सोय आहे!

आणि ‘तू’. भांडण जागेवरून सुरू होतं, पण भडकतं ते ‘तू’ आल्यावर. “तुम्ही सरकता का?” “तुम्हीच सरका ना.” इथपर्यंत डबा शांत असतो. “तू मला शिकवू नकोस.” झालं, आता कानातले इअरफोन निघतात. ज्याने आधी अरे-तुरे केलं तो मुद्द्यात बरोबर असला तरी डब्याची सहानुभूती गमावून बसतो. समोरचा अरे-तुरेवर आला तरी तुम्ही ‘तुम्ही’वरच राहा. सभ्यपणासाठी नव्हे हो, जिंकण्यासाठी.

हिंदीत बोलताना आपली एक चूक होते आणि आपल्याला कळतही नाही. मराठीतलं ‘तुम्ही’ आदराचं, म्हणून आपण हिंदीत सहज ‘तुम’ म्हणतो: “तुम उधर सरको ना.” मुंबईत वाढलेल्याला यात काही वाटत नाही. पण लखनौ-पाटण्याकडच्या मोठ्या माणसाला अनोळखी व्यक्तीने ‘तुम’ म्हणणं म्हणजे आपल्याला ‘तू’ म्हणण्यासारखंच. तो दुखावतो, उलट बोलतो, आणि आपण म्हणतो काय उद्धट माणूस. वयस्क हिंदी भाषकाशी बोलताना ‘आप’ आणि ‘सरकिए’ एवढं लक्षात ठेवा. मी स्वतः हे पंधरा वर्षांनी शिकले, एका आजोबांनी “बेटी, तुम नहीं, आप” असं हसत सुनावल्यावर.

जागा

आता मुख्य विषय. साताऱ्याच्या मुलीचं जे झालं ते इथलं.

लेडीज डब्यात उभी राहिलेली बाई बसलेल्यांना विचारत जाते: “कुठे उतरणार?” कुणी सांगतं घाटकोपर, कुणी दादर, कुणी शेवटपर्यंत. ज्या बाईने घाटकोपर सांगितलं तिला लगेच पुढचा प्रश्न: “मला द्याल?” तिने मान हलवली की ती सीट तुमची झाली. तुम्ही तिच्यासमोर उभ्या असा नाहीतर चार माणसं पलीकडे. नंतर दुसरी कुणी विचारायला आली की बसलेली बाई एकच शब्द बोलते: “दिलीये.” हा तोंडी करार आहे, साक्षीदार आख्खा डबा, आणि तो मोडल्याचं मी क्वचितच पाहिलंय. सरकारी कागदाला नसते एवढी किंमत त्या शब्दाला आहे.

म्हणून, चढल्यावर आणि पाय टेकल्यावर पहिलं काम विचारण्याचं. लाजू नका. विचारणं हे मागणं नाही, तो व्यवहार आहे. पद्धत अशी. एका बाईकडे बघून विचारा, हवेत “कुणी उतरणार आहे का?” असं विचारलं तर कुणी उत्तर देत नाही. ती “दिलीये” म्हणाली तर “कुणाला?” विचारू नका, तो अविश्वास झाला. तिच्या शेजारणीला विचारा. सगळ्या दिलेल्या असतील तर “दिलेल्या बाई कुठे उतरणार?” असं विचारून दुसरा नंबर लावता येतो. हे ऐकायला विनोदी वाटेल, पण संध्याकाळी डोंबिवलीच्या पुढे जाणाऱ्या बायका असे दोन-दोन नंबर लावूनच बसतात.

बसलेल्यांनीही एक पाळायचं असतं. उतरायचं स्टेशन खरं सांगा. खोटं ‘सीएसटी’ सांगून दादरला उठून मैत्रिणीला बसवणाऱ्या बायका आहेत. त्यांना डबा ओळखून असतो आणि महिनोन्‌महिने विसरत नाही. आणि सीट दिली असेल तर उठायच्या आधी त्या बाईला डोळ्याने किंवा हाताने खूण करा, तिला पोचायला वेळ लागतो. न सांगता ताडकन उठलात की मध्ये कुणीतरी नवी बसणार आणि रडणार.

जनरल डब्यात एवढी कडक पद्धत नाही. तिथे समोर उभ्या माणसाचा पहिला हक्क मानतात, पण विचारलेलं असेल तर तेही चालतं. तिथला वाद चौथ्या सीटचा. बाक तिघांचा, त्यावर चार बसायचे, हा लोकलचा संकेत. रेल्वेचा नियम तीनचाच, त्यामुळे ‘नाही’ म्हणणारा कायद्याने चुकत नाही. पण गर्दीत पाय पसरून तिघंच बसणारे मला तरी उद्धट वाटतात. चौथ्याने मात्र बसण्याआधी “जरा सरकता?” विचारावं आणि जेवढं मिळेल तेवढ्यावर भागवावं. पाऊण सीट मिळाली म्हणून हळूहळू पाठ मागे रेटत पूर्ण करणारे असतात. खिडकीवाल्याच्या बरगड्यांत ते रोज रुततात.

फर्स्ट क्लासमध्ये चौथी सीट मागू नका. तिथे लोक जास्त पैसे चौथ्या माणसाच्या अनुपस्थितीचेच देतात.

बॅग ठेवून जागा धरायची का? ज्याच्यासाठी धरलीय तो माणूस त्याच दारातून चढताना दिसत असेल तर हो. पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्या मैत्रिणीसाठी नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट पकडण्याला आपल्याकडे एक मान्यता आहे. रुमाल टाकणारा निदान स्टँडवर उभा असतो. लोकलमध्ये ग्रुपवाल्यांनी पाच-सहा सीटवर बॅगा टाकून “येतायत, येतायत” म्हणणं ही निव्वळ दादागिरी. तुम्ही एकटे असाल तर भांडू नका, पण शांतपणे विचारा: “कुठल्या स्टेशनला येतायत?” स्टेशनचं नाव त्यांना मोठ्याने सांगावं लागलं की बाकीचा डबा ते ऐकतो. कधी कधी तेवढ्याने बॅग उचलली जाते.

म्हातारं माणूस, गरोदर बाई, कडेवर मूल, यांना जागा द्यायची हे सांगायला नको. पण मागणाऱ्यांसाठी एक सांगते. गरोदर असाल आणि पोट दिसत नसेल तर कुणी ओळखणार नाही, मनात धुसफुसू नका. एका बाईकडे बघून म्हणा, “ताई, मला चौथा महिना आहे, बसू का?” सोळा वर्षांत यावर नकार मी ऐकलेला नाही. उलट, धडधाकट दिसणारी तरुण मुलगी उठत नसेल तर तिला सुनावू नका. माझ्या एका मैत्रिणीला मणक्याचा त्रास होता, वरून काही दिसायचं नाही. तिला रोज कुणीतरी संस्कार शिकवायचं. शेवटी ती कमरेचा पट्टा कपड्यांच्या वरून बांधायला लागली, नुसता दाखवायला.

बॅग, पाय आणि कोपर

जड बॅग रॅकवर टाकायची तर ती हातोहात जाते. “जरा वर ठेवता?” म्हणायचं, पुढचा पुढे देतो. उतरताना आधीच्या स्टेशनलाच सांगा: “ती निळी, लाल पट्टेवाली द्या.” फक्त निळी म्हणालात तर तीन बॅगा खाली येतील. बसलेल्यांनी समोर उभ्या बाईला “बॅग द्या” म्हणून तिची पर्स किंवा डब्याची पिशवी मांडीवर घ्यायची जुनी रीत आहे. कुणी देऊ केलं तर घ्या, नको असेल तर “राहू दे” म्हणा, “नको” तुसडेपणाने नको. मासळीची पिशवी मात्र कुणाच्या मांडीवर देऊ नका.

समोरच्या सीटवर पाय ठेवायचे असतील तर चप्पल काढून, आणि समोर कुणी बसलेलं नसेल तरच. बुटासकट पाय ठेवून खाली पेपर अंथरला की काम झालं असं काहींना वाटतं.

आपल्याकडे कुणाला पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा आणि छातीला किंवा कपाळाला न्यायचा. गर्दीत वाकता येत नाही, हात सुटत नाही. मग लोक काय करतात बघा: मोकळी दोन बोटं हवेतच समोरच्याच्या दिशेने नेतात आणि गळ्याशी टेकवतात. शब्द नाही, वेळ अर्धा सेकंद. तेवढ्याने समोरच्याच्या कपाळावरची आठी जाते. सॉरीपेक्षा हे जास्त चालतं असा माझा अनुभव. सॉरी माणूस सवयीने म्हणतो.

वरची कडी धरताना कोपर खालच्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर येतं. उंच लोकांना हे कळत नाही. बुटक्यांनो, सांगा त्यांना.

पंखा बंद असेल आणि तुमच्या हातात कंगवा असेल तर जाळीतून पातं ढकलून बघा. फिरला तर तुम्ही त्या दिवशीचे डब्याचे लाडके.

फोन आणि डबा

स्पीकरवर रील बघणं हा सध्याचा सगळ्यात मोठा त्रास. बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलवर मोठ्याने ऐकायला बंदी घातली, म्हणजे तो कुणा एकाच्या चिडचिडेपणाचा विषय राहिलेला नाही. लोकलमध्ये आपणच सांगायचं. “लाज नाही का वाटत” याने आवाज वाढतो. “ताई, आवाज जरा कमी कराल? मला एक फोन करायचाय” याने कमी होतो, कारण यात तिची चूक काढलेली नाही, तुमची गरज सांगितलीय. फोन खरंच करा मग, घरी का होईना.

फोनवर बोलणाऱ्याचं मला विशेष काही वाटत नाही, पण स्पीकर लावून पलीकडच्याची सासूची गाऱ्हाणी डब्याला ऐकवू नका. आणि ऐकू आली तर हसू नका, उपाय सुचवू नका. हे दुसरं मला अजून जमलेलं नाही.

खाण्यापिण्याचं लोकलमध्ये सगळे समजून घेतात. सकाळी घरून न खाता निघालेल्या बायका डब्यातच पोहे खातात, संध्याकाळी मेथी निवडतात, मटार सोलतात. अट एकच. काड्या आणि सालं पिशवीत, सीटखाली नाही. आणि थुंकणं. रेल्वेच्या आवारात अस्वच्छता करण्याबद्दल २०१२च्या नियमांप्रमाणे पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, तरी दारातून पिचकारी मारणारे मारतातच. ती वाऱ्याने मागच्या दारात उभ्या माणसावर येते. यावर सभ्य उपाय मला माहीत नाही.

पावसात खिडकीचा वाद होतो. जिच्यावर पाणी येतंय तिने बंद करायची म्हटलं तर करायची. बाकीच्यांनी घुसमट सहन करायची आणि सर थांबली की उघडायला सांगायची. खिडकीवालीनेही सर थांबल्याचं स्वतःहून बघावं.

उतरताना

आत सरकलात तरी उतरायला मिळतं म्हणाले होते, ते असं. तुमच्या स्टेशनच्या एक स्टेशन आधी हालचाल सुरू करा. पुढच्या माणसाला एका शब्दात विचारा: “दादर?” ही अर्धवट भाषा इथे उद्धट नाही, तीच शिष्ट भाषा आहे. तो “हो” म्हणाला तर त्याच्या मागे राहा. “नाही” म्हणाला तर जागा बदला. तो अंग चोरतो, तुम्ही पुढे होता. असं करत करत दाराशी जाईपर्यंत उतरणाऱ्यांची एक रांग आपोआप लागते. कुठल्या बाजूला प्लॅटफॉर्म येणार हेही विचारून घ्या. ऐन वेळी उलट्या बाजूला वळणारं माणूस दहा जणांना वळवतं.

तुम्हाला उतरायचं नसेल आणि दारात असाल तर गर्दीच्या स्टेशनला खाली उतरा, लोकांना उतरू द्या, परत चढा. हाच सर्वांत कमी त्रासाचा मार्ग, आणि खाली उतरलेल्याला परत आत घ्यायचं हेही सगळे मानतात. एसी गाडीत दारं आपोआप मिटतात, त्यामुळे तिथे मित्रासाठी पाय अडकवून दार धरणारा आख्खी गाडी थांबवतो.

जिन्यावर डावीकडून चाला आणि थांबू नका. मोबाइल बघायला, छत्री उघडायला, मैत्रिणीची वाट बघायला, कशालाही नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या पुलावर जोराच्या पावसामुळे माणसं थबकली, मागून गाड्यांची गर्दी येत राहिली, आणि चेंगराचेंगरीत वीसहून जास्त जीव गेले. कडेला व्हायचं असेल तर पूल ओलांडून खाली आल्यावर व्हा.

कुणी उद्धट वागलंच तर

आधी बघा, चूक आहे की उद्धटपणा. धक्का, पाय, बॅग या चुका. त्यांना “सांभाळून हं” एवढंच. दुसऱ्यांदा झालं तर काय हवं ते सांगा: “ताई, बॅग खाली घ्या.” माणसाबद्दल बोलू नका, वस्तूबद्दल बोला. “किती बेशिस्त लोक आहेत” हे हवेत बोलणं सगळ्यांत वाईट. ज्याला लागायला हवं त्याला लागत नाही, बाकी दहा जणांना लागतं. “कुठून कुठून येतात” हा त्याचाच पुढचा अवतार. तो कानावर आला तर मी तरी ऐकून घेत नाही, कारण तिथे जागेचं भांडण संपून वेगळंच काहीतरी सुरू होतं.

एकदा बोलून ऐकलं नाही, तर शेजारच्याला सामील करा, त्याच्याकडे बघून: “दादा, जरा सांगता का यांना?” तिसऱ्या माणसाचं ऐकतात, कारण त्याच्यापुढे हरल्यासारखं वाटत नाही. तेही जमलं नाही तर सोडा. आपलं स्टेशन येणारच आहे.

शिवीगाळ, दारू पिऊन धिंगाणा, हे सोडायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली हा गुन्हा आहे, त्यात डब्यातून उतरवण्याचीही तरतूद आहे. रेल्वेची हेल्पलाइन १३९, रेल्वे पोलिसांची १५१२. फोन करताना गाडीची वेळ, दिशा, डबा पुढून कितवा आणि पुढचं स्टेशन, एवढं पटापट सांगा. “मी लोकलमध्ये आहे” यावरून कुणी शोधू शकत नाही. भांडणासाठी साखळी ओढू नका. मागच्या सगळ्या गाड्या अडकतात आणि केस तुमच्यावर होते.

आणि मुद्दाम केलेला स्पर्श. तो गर्दीचा की मुद्दामचा, हे बाईला कळतं, तिला पुरावा विचारू नका. जनरल डब्यात किंवा जिन्यावर असं झालं तर मोठ्याने, कपड्याचा रंग घेऊन बोला: “हिरवा शर्ट, हात काढ.” इथे ‘तू’ चालेल. रंग उच्चारला की पन्नास माणसं त्या शर्टाकडे बघतात आणि तो गर्दीत विरघळू शकत नाही. नुसतं “ए” म्हटलं तर पन्नास माणसं तुमच्याकडे बघतात. पुढे तक्रार करायची असेल तर भारतीय न्याय संहितेत कलम ७४ आहे, आणि ती स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांकडे करता येते. शेजारी असाल तर “जाऊ दे ना, गर्दी आहे” म्हणू नका. तिच्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहा, बास.

दुसऱ्या दिवशी

लोकलमध्ये अनोळखी माणूस पूर्ण अनोळखी नसतो, ही यातली खरी गोम. ज्या बाईशी तुम्ही आज खिडकीवरून भांडलात ती उद्या त्याच गाडीला, त्याच डब्यात असणार. मागच्या वर्षी माझं एका बाईशी चांगलं वाजलं. मी फोनवर होते, सीट दिलेली विसरले आणि दुसरीला बसवलं. चूक माझी होती, पण ती “तू” म्हणाली आणि मग मीही थांबले नाही. ठाणे ते दादर आम्ही दोघी डब्याची करमणूक झालो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोरच येऊन उभी राहिली, दुसरीकडे पाय ठेवायला जागा नव्हती. मुलुंड गेलं. मी म्हटलं, “बॅग द्या.” ती खिडकीबाहेर बघत होती. घाटकोपरला तिने बॅग दिली. चांगली जड होती, बहुतेक लॅपटॉप. मी म्हटलं, “माझी शेवटपर्यंत आहे, पण त्या पिवळ्या ओढणीवाल्या कुर्ल्याला उतरतात, अजून कुणी विचारलेलं नाही.” ती वळली आणि म्हणाली, “ताई, मला द्याल?”